मातीविना भाजीचे नळसामान : किफायत कशात आहे?

माती न वापरता खतमिश्रित पाण्यात भाजी घेण्याच्या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. हे काही आजचे खूळ नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी १९३०च्या दशकात हे नाव रूढ केले आणि पुढच्या दशकात शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिम्पाँग येथे तिचे प्रयोग केले. आता तिचे तयार किट मोबाइलवरून मागवता येते. बार्शीटाकळीत ज्यांच्याकडे शेत नाही, पण घरावर लहानशी गच्ची आहे अशा कारागीर बंधूंनी ते घ्यावे काय? आमच्या मते घेऊ नये. किटमधील जवळजवळ सर्व वस्तू नळसामानाच्या, कूलरच्या आणि ठिबकच्या दुकानांत सुट्या मिळतात. गावात न मिळाल्या तर अकोला जवळच आहे.

तथापि सुटे घेणे म्हणजे हलके घेणे नव्हे. आम्ही कापडाचे व्यापारी. खळ देऊन जड केलेले कापड एका धुण्यात उघडे पडते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पीव्हीसी पाइपातही हीच लबाडी चालते. त्यात राळ कमी आणि खडूची भुकटी जास्त घालतात. खडू राळेपेक्षा जड असल्यामुळे नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नये. असा पाइप करवतीखाली कपच्या टाकतो आणि दोन उन्हाळ्यांत तडकतो. म्हणून पाइपावर आयएसआय शिक्का पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या पाइपावर आयएस ४९८५, तर सांडपाणी व पावसाच्या पाण्याच्या पाइपावर आयएस १३५९२ हा क्रमांक असतो. आपल्याला भाजी खायची आहे, तेव्हा शिसेविरहित पाइप आहे का हेही विचारावे. या शिशाबाबत केंद्र सरकारने २०२१ साली नियमच केले आहेत.

आता बचत कुठे करावी? या कामात पाण्याला दाब नसतो, ते नुसते वाहते. त्यामुळे जाड, उच्च दाबाचा पाइप घेणे फजूल. सांडपाण्याचा करडा पाइप, ७५ किंवा ११० मिलिमीटरचा, नवा आणि हलक्या प्रकारचा, पुरेसा आहे. करड्या पाइपातून उजेड आत जात नाही, म्हणून शेवाळ कमी धरते. सहा मीटरचे दोन नग अर्धे कापले की तीन मीटरच्या चार ओळी होतात. वीस सेंटिमीटरवर एक भोक धरले तर साठेक रोपे बसतात. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप महाग तर पडतोच, शिवाय त्याचा अर्धा इंच आणि साध्या पाइपाचा अर्धा इंच एकमेकांत बसत नाहीत. पाणी सोडायला ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी आणि रबरी ग्रोमेट घ्यावे. पितळी तोट्या आणि जस्ती नळ मात्र टाळावेत. खताच्या पाण्यात तांबे व जस्त उतरते आणि मुळांना बाधते.

पाइपाच्या शेवटच्या बुचाला पाणी बाहेर पडण्याचे भोक तळाशी पाडू नये, दोन-तीन सेंटिमीटर वर पाडावे. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पंप थांबला तरी तेवढे पाणी पाइपात राहते आणि मुळे वाळत नाहीत. हे करायचे तर पाइप समपातळीत मांडावा. प्रत्येक सांधा सोल्युशनने चिकटवूही नये, नाहीतर धुवायला पाइप उघडणार कसा?

पंपासाठी कूलरचा लहान पंप चालतो. तो पावसाळ्यात घ्यावा. हंगाम संपलेला असतो, दुकानदार भावात बोलतो. पण पंप पाण्यात आणि वीज पंपात, हे विसरू नये. कूलरला हात लावून शॉकने माणसे गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच, या दोन खर्चांत काटकसर करू नये.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पाणी तीस अंशांवर गेले की त्यातील प्राणवायू घटतो आणि मुळे कुजतात. म्हणून एप्रिल ते जून काम बंद ठेवावे, पावसाळा सरत आला की सुरू करावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांनी आधी पाण्याचा खारेपणा मोजावा. खाऱ्या पाण्यावर हा खर्च बुडीतच समजा. लावायचे तर पालक, पुदिना, सांबार लावावे. किटच्या चित्रातील विलायती पाल्याला येथे गिऱ्हाईक नाही.

नळसामानाच्या व्यापारी बंधूंना एक सूचना. वर सांगितलेले पाइप, बुचे, ग्रोमेट, नळी आणि पंप यांचा मोजून एक संच बांधून ठेवा, भोके पाडून द्या आणि प्रत्येक नगाचा भाव बिलावर वेगळा लिहा. बसवण्याची मजुरी गावातल्याच प्लंबरला मिळू द्या. ग्राहकाला एखादे बूच पुढे बदलायचे झाले तर तो तुमच्याच दुकानात येईल. मोबाइलवरून किट मागवणाऱ्याला हे बूच कोठे मिळणार?