हयातीचा रोजचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की आम्हा निवृत्तिवेतनधारकांना एक गोष्ट सरकारला पटवून द्यावी लागते. ती म्हणजे आपण अजून जिवंत आहोत! पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन, यादीत आपलं नाव शोधून, कारकुनाच्या देखत सही ठोकावी लागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ ही संगणकावरची सोय आली आणि २०२१ पासून तर मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिचकावले तरी काम भागतं. उभ्या नोकरीत कचेरीत कुणाकडे पाहून डोळा मिचकावला नाही, तो निवृत्तीनंतर सरकारकडे पाहून मिचकावतो आहे. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय निवृत्तांना एक महिना आधी, १ ऑक्टोबरपासूनच हा दाखला देता येतो. त्या वयात महिनाभर थांबायला लावणं सरकारलाही धोक्याचं वाटत असावं!

असो. सांगायचा मुद्दा असा, की सरकारला मी वर्षातून एकदा जिवंत लागतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी आहे की नाही, हे कुणाला कळतं? माझं वय एकाहत्तर. ही जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा बंगळूरला, मुलगी डोंबिवलीला आणि मी कोथरूडच्या दोन खोल्यांत एकटा.

‘एकटा राहतो’ म्हटलं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. पहिल्या तटातले लोक ‘अरेरे!’ म्हणतात आणि मुलांनी बापाला टाकलं, असं मनातल्या मनात ठरवून मोकळे होतात. दुसऱ्या तटातले ‘वा! काय मजा आहे तुमची!’ म्हणतात. हे बहुधा विवाहित पुरुष असतात. दोघांचंही चुकतं. मला कुणी टाकलेलं नाही. मुलाकडे दोन महिने राहून आलो. सून गुणी, नातू गोड. पण त्या घरात मला कुणी साधा लसूणसुद्धा सोलू देईना. ‘बाबा, तुम्ही बसा’ हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकलं, की माणसाला आपण दिवाणखान्यातली शोभेची वस्तू झालो, असं वाटू लागतं. परत आलो, कुलूप उघडलं, धूळ झटकली आणि स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलो. साखर जास्त झाली होती, पण ती माझी चूक होती. स्वतःच्या चुका करायला हक्काची जागा असणं, हे एकटं राहण्यातलं मोठं सुख.

अडचणी नाहीत असं नाही. एका माणसाचा स्वयंपाक हे गणित अजून सुटलेलं नाही. भोपळ्याची फोड कितीही लहान मागितली तरी भाजीवाली देते ती तीन दिवस पुरते. पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी तीच भाजी, तिसऱ्या दिवशी थालीपिठात लपवलेली तीच भाजी. कुकरची शिट्टी मोजताना फोन आला, की ती दुसरी होती की तिसरी, हे विचारायला कुणी नसतं. चष्मा हरवला तर पूर्वी ‘कुठे ठेवलास माझा चष्मा?’ असं स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडण्याची सोय होती. आता घरात संशयित एकच. भांडणाचंही तेच. टीव्हीचा रिमोट दिवसभर माझ्याच हातात असतो आणि म्हणूनच त्यात काही राम उरलेला नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र तशी नव्हती, आणि आजचा लेख खरं तर तिच्यासाठी आहे.

समोरच्या वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, “काका, एक किल्ली आमच्याकडे ठेवा ना. कधी लागली तर?” मी म्हणालो, “कशाला उगाच तुम्हाला त्रास?” हे झालं शिष्टाचाराचं उत्तर. खरं कारण वेगळं होतं. न आवरलेलं अंथरूण, रात्रीची तशीच पडलेली भांडी, खुर्चीवर साठलेला कपड्यांचा ढीग हे कुणी पाहू नये, अशी माझी इच्छा होती. ‘काका एकटे असूनही किती टापटीप राहतात’ ही माझी सोसायटीतली ख्याती मला किल्लीपेक्षा प्यारी होती.

मग गेल्या श्रावणात, एका सकाळी साडेसहाच्या सुमारास, न्हाणीघरात पाय घसरला. उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. न्हाणीघराला आतून कडी. घरात दुसरं चिटपाखरू नसताना मी ती कुणाला लाजून लावत होतो, देव जाणे! बाहेरच्या दाराला लॅच आणि वर भलामोठा अडसर, चोराच्या भीतीने. चोर काही आला नाही. पण त्या दिवशी मदतही आत येऊ शकेना. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या मी हाका मारत होतो आणि पाईपातून वरच्या मजल्यावरच्या गाण्याचा आवाज ऐकत होतो. माझा आवाज मात्र वर जात नव्हता.

मला वाचवलं ते दुधाच्या पिशवीने. सहा वाजता दाराला अडकवलेली पिशवी साडेआठलाही तिथेच आहे, हे कामावर निघालेल्या वहिनींनी पाहिलं. त्यांनी बेल वाजवली, दाराला कान लावला आणि माझी हाक ऐकली. सुताराला बोलावून दोन दारं फोडेपर्यंत आणखी तास गेला. नशीब बलवत्तर, खुब्याचं हाड शाबूत राहिलं, घोट्यावर निभावलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत अख्ख्या मजल्याने माझं न आवरलेलं अंथरूण पाहिलं. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही!

२०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक होते. आपल्यासाठी कायदाही आहे, २००७चा. त्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि अधूनमधून त्यांची विचारपूस करावी, असं म्हटलेलं आहे. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी देशभर मोफत मदतवाहिनी आहे. हे सगळं हवंच. आपलं नाव पोलीस ठाण्यात जरूर नोंदवावं. पण न्हाणीघरात पडलेल्या माणसाचा हात फोनपर्यंत पोहोचत नाही, आणि पोलिसाची फेरी नेमकी त्या सकाळी असेल असंही नाही. तिथे कामाला येते ती समोरच्या दारातली नजर. मात्र ती नजर आपल्यावर पडू द्यायची की नाही, हे आपणच ठरवत असतो.

म्हणून माझ्यासारख्यांना माझं सांगणं एवढंच: आपण ज्याला स्वावलंबन म्हणतो, त्यात निम्मा भाग निव्वळ लपवाछपवीचा असतो. एक किल्ली शेजारी द्या. न्हाणीघराची कडी लावू नका. रात्री लॅच पुरे, अडसर काढून टाका. मुलांनाही एक विनंती. रोज फोनवर ‘जेवलात का?’ विचारता, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येणार, उपाशी असलो तरी. त्यापेक्षा बापाच्या शेजाऱ्याचा नंबर आपल्याकडे ठेवा आणि आपला त्याला द्या. आणि ज्यांच्या मजल्यावर असा एखादा एकांडा म्हातारा किंवा म्हातारी असेल, त्यांनी जाता-येता त्या दाराकडे एक नजर टाकावी. याला पैसे पडत नाहीत.

आमच्या मजल्यावर आता नियम ठरला आहे. सातपर्यंत मी पिशवी आत घ्यायची. नाही घेतली तर बेल वाजणार. आज रविवार म्हणून जरा जास्त झोप लागली. सात वाजून पाच मिनिटांनी बेल वाजलीच.

“काका, पिशवी अजून बाहेर!”

“आहे, आहे मी!” अंथरुणातूनच ओरडलो.

“मग दूध तापवा, नासेल,” असं म्हणून वहिनी गेल्या. मी उठलो. अंथरूण अजून आवरलेलं नाही.