लेंटमध्ये काय सोडायचं ते ठरलं, पण काय धरायचं?



पॅनकेक खाऊन झाले, राखेचा बुधवारही झाला. आता आपल्या मुलांना विचारून बघा, लेंट म्हणजे काय? इथे वाढलेली बरीच मुलं सांगतील, चॉकलेट सोडायचं. त्यात वाईट काही नाही. पण सगळे दिवस नुसतं सोडण्यातच गेले, तर ईस्टरच्या सकाळी मूल चर्चमध्ये उभं राहील ते चॉकलेटच्या अंड्याची वाट बघत. शुक्रवारी काय घडलं हे ज्याला नीट ठाऊक नाही, त्याला रविवारचा आनंद कुठून कळणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की या सहा आठवड्यांत घरात एकत्र शास्त्रवाचन व्हावं, आणि ते मराठी-इंग्रजी दोन्हींत व्हावं. "आमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही हो!" ठीक आहे. मराठी तुम्ही वाचा, इंग्रजी त्यांना वाचू द्या.

दोन भाषांचा आग्रह कशाला? मार्कने शुभवर्तमान लिहिलं ग्रीकमध्ये. पण गेथशेमानेत प्रभू पित्याला हाक मारतो, तिथे त्याने 'अब्बा' हा अरामी शब्द तसाच ठेवला. वधस्तंभावरची 'एलोई' ही आरोळीसुद्धा तशीच ठेवली. जिवाच्या आकांताने निघालेली हाक मायबोलीतलीच आहे. मत्तयात तर पेत्र त्याच्या बोलण्यावरून ओळखला जातो. शाळेच्या गेटवर तोंड उघडलं की आपण कुठले ते कळतं, तसंच! मुलांना हे सांगा, पेत्र लगेच जवळचा वाटेल.

आणि परदेशात मूल घेऊन राहिलेली आई म्हटली की मला पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पण रमाबाईंनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. मनोरमेला कोणती धर्मशिकवण द्यायची यावरून सिस्टर जेराल्डीनशी त्यांचे पत्रांतून वाद झाले. पुढे केडगावला त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतरित केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेही लेंटचेच दिवस होते. समजून घेऊन विश्वास ठेवायचा, हा धडा आपल्याच बाईने इथल्या मातीवर घालून दिलाय.

आता करायचं कसं? मार्कचे शेवटचे अध्याय घ्या. आठवड्यातली एक संध्याकाळ, जेवणानंतर अर्धा तास. पहिले तीन आठवडे ११, १२ आणि १३. चौदावा मोठा आहे, म्हणून दोन भाग करा: गेथशेमानेपर्यंत एक, अटक आणि पेत्राचा नकार दुसरा. पवित्र आठवड्यात १५ वा. आणि १६ वा राखून ठेवा. तो ईस्टरच्या सकाळी, चर्चला निघण्याआधी वाचा. गावाकडे आजी-आजोबा असतील तर त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, मराठी त्यांनाच वाचू द्या.

एक पथ्य मात्र पाळा: याची मराठीची शिकवणी करू नका. उच्चार सुधारत बसलात की मूल पुढच्या आठवड्यात होमवर्क काढून बसलंच म्हणून समजा. प्रश्न इंग्रजीत आला तरी चालेल, उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, पाळकसाहेबांना विचारू" म्हणा. आई-बाबाही अजून शिकताहेत हे मुलांना दिसू दे.

अठराव्या वर्षी मुलं युनिव्हर्सिटीत जातील. तिथे रविवारी त्यांना उठवायला आपण नसू. चर्च ही फक्त आई-बाबांची सवय असेल, तर ती घरीच राहील. घरी बसून वाचलेलं, भांडून समजून घेतलेलं त्यांच्यासोबत जाईल.

एक आठवडा हुकला म्हणून सोडू नका. आज जेवणं झाली की अकरावा अध्याय उघडा.