सिकलसेलच्या उपचाराचा रस्ता आजच आखा

प्रति,
मा. संचालक,
इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी,
नवी दिल्ली



नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या संस्थेचा सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचा, क्रिस्पर या जनुक-दुरुस्ती तंत्राचा उपचार ‘बिरसा १०१’ या नावानं जाहीर झाला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं, तेव्हा विदर्भात राहणाऱ्या माझ्यासारखीला झालेला आनंद साधा नव्हता. जगातला असा पहिला उपचार, कॅसजेव्ही, ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. फ्रान्सिसेला जीवाणूतलं कॅस९ हे जनुक कापणारं प्रथिन सुधारून स्वतःचं साधन घडवण्यात आपल्या शास्त्रज्ञांनी घातलेली वर्षं म्हणूनच मोलाची आहेत.

आता प्रयोगशाळेबाहेरचं सांगते. आश्रमशाळेत तपासणी असते तेव्हा मुलाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. मग कळतं, ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (रुग्ण) पॅटर्न. जुलै २०२३ मध्ये शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं. पण ‘एसएस’ ऐकल्यावर आईचा प्रश्न एकच असतो: आता पुढं काय? आज त्याचं खरं उत्तर हायड्रॉक्सियुरिया हेच आहे. हे औषध रोज घ्यावं लागतं आणि ठरावीक काळानं रक्तातल्या पेशी मोजून घ्याव्या लागतात. गोळ्या संपल्या, तपासणीला जायला गाडी मिळाली नाही, की दुखण्याचा क्रायसिस येतो आणि मूल रात्रभर हाडं धरून रडतं.

आपला उपचार याच घरात पोहोचायचा आहे. आज मंजूर असलेल्या जनुकोपचारांत रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी गोळा करतात, कधी एकाहून जास्त वेळा. त्या बाहेर दुरुस्त होतात. मग बुसल्फानसारखी केमो देऊन रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. त्यानंतर कित्येक आठवडे बोन मॅरो युनिटमध्ये राहावं लागतं. या केमोनं पुढं मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना हे कोण, कुठल्या भाषेत सांगणार? गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या घरात इंग्रजी किंवा हिंदी संमतिपत्रावर उठवलेला अंगठा ही संमती नव्हे, हे मी ठामपणे म्हणते.

म्हणून माझी मागणी अशी: चाचण्यांचा आराखडा ठरतो आहे, त्याच टेबलावर उपचाराचा रस्ताही आखला जावा. चाचणीचं एक केंद्र नागपुरात असावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या माणसाला ते त्यातल्या त्यात जवळ पडेल. सोबत आलेल्या माणसाची राहण्याची सोय आणि त्याची बुडालेली मजुरी हाही चाचणीचा खर्च धरावा. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा परवाना देताना किमतीबाबत कोणत्या अटी घातल्या, हे लोकांपुढं ठेवावं. आणि निवडीत कोणी सुटू नये. उपचाराला आदिवासी नायक बिरसा मुंडांचं नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण विदर्भात सिकलसेल आदिवासींइतकाच अनुसूचित जातींच्या वस्त्यांतही आहे, आणि नागपूर भागात त्यांच्यातला आजार बरेचदा तीव्र असतो.

आणखी एक भीती मनात आहे. बरं करणारा उपचार येतोय म्हटलं, की रोजच्या औषधाकडं सरकारचं लक्ष कमी होतं. आपल्या शब्दाला मंत्रालयात वजन आहे. जनुकोपचार हजारो रुग्णांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल आणि तोवर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया असलंच पाहिजे, हे आपणच जाहीरपणे सांगितलंत तर त्याचा परिणाम होईल.

पहिल्या चाचणीसाठी रुग्ण निवडण्याआधी आपले शास्त्रज्ञ विदर्भात येऊन रुग्णांच्या कुटुंबांशी बोलतील का? आलात तर बैठक मराठीत आणि गोंडीत घेण्याची व्यवस्था आम्ही कार्यकर्ते करू.

आपली,
विदर्भातील एक आरोग्य कार्यकर्ती