शिडीची पहिलीच पायरी का?



"आदिवासी मुलींना नर्सिंगला पाठवा" हे वाक्य आमच्या खानदेशात सर्वांना आवडते. पुढारी भाषणात म्हणतात, संस्थाचालक सत्काराच्या वेळी म्हणतात. माझे भांडण त्या वाक्याशी नाही, ते जिथे थांबते त्या जागेशी आहे. नर्सिंगला म्हणजे कुठे? तर एएनएमला. त्यापुढचे कोणी बोलतच नाही.

२०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची लोकसंख्या जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के, धुळ्यात सुमारे ३२ टक्के आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारात सुमारे ६९ टक्के होती. भिल्ल, पावरा, कोकणा, तडवी ही सगळी इथलीच माणसे. उपकेंद्रावर लस टोचणारी सिस्टर त्यांच्यातली दिसते. पण एमएस्सी नर्सिंग झालेली, कॉलेजात शिकवणारी, मोठ्या इस्पितळाची अधिसेविका असलेली? माझ्या पाहण्यात तरी फार क्वचित.

आता हिशेब करा. मी भाषेची शिक्षिका असले तरी एवढी बेरीज येते. बारावी विज्ञान झालेल्या मुलीला बीएस्सी नर्सिंगची ४ आणि एमएस्सीची २ अशी ६ वर्षे लागतात. एएनएमपासून चढणारीला एएनएम २, जीएनएम ३, पोस्ट बेसिक बीएस्सी २ आणि एमएस्सी २, अशी ९ वर्षे. मध्ये नोकरी, लग्न, बाळंतपण, धाकट्या भावंडांची फी. शिडी कागदावर आहे हो, पण चढायची कोणी आणि कशी? बीएस्सीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. डोंगरातली मुलगी बारावीपर्यंत पोहोचलीच, तर बहुधा कला शाखेतून पोहोचते. म्हणजे तिचा निकाल अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच लागतो.

यावर आपली शहरी मंडळी लगेच म्हणतात, "पण दर्जाचे काय?" मी विचारते, दर्जा म्हणजे काय? रुग्णाला काय होते आहे हे समजून घेणे ही शुश्रूषेची पहिली पायरी. धडगाव किंवा शिरपूरच्या डोंगरातली म्हातारी पावरीत सांगते आणि समोरच्या बाईंना ते कळत नाही, तेव्हा दर्जा कोणाचा घसरला? सातपुड्यात सिकलसेल घराघरांत त्रास देतो. २०२३ साली त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ती चालवताना घरच्या भाषेत आनुवंशिकता समजावून सांगणारी पदव्युत्तर नर्स ही मेहेरबानी नव्हे, गरज आहे.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्यासाठी तिथलेही उदाहरण देते. कृष्णवर्णीय परिचारिकांना १९०८ साली स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. त्यांच्यातली एस्टेल मॅसी ऑस्बोर्न १९३१ साली पदव्युत्तर पदवी मिळवणारी पहिली ठरली आणि पुढे बरोबरीच्या हक्कासाठी झगडली. त्यांची वेगळी संघटना १९५१ साली मुख्य संघटनेत विलीन झाली. तिथेही "या मुली खालच्या कामाला बऱ्या" असेच म्हणत होते. आपल्याकडे हे तोंडाने म्हणत नाहीत, वागण्यातून म्हणतात.

आणखी एक सापळा आहे. "तुमची मुलगी शिकली की तुमच्याच पाड्यावर सेवा करील." का बरे? जोशी-पाटलांच्या मुलींना हे कोणी विचारते का? ती मुंबईला अतिदक्षता विभागात नर्स प्रॅक्टिशनर होईल, नाहीतर लंडनला जाईल. तिची मर्जी!

मागणी साधी आहे. आश्रमशाळांत अकरावी-बारावी विज्ञान, प्रयोगशाळेसह. बीएस्सीच्या आधी इंग्रजी आणि विज्ञानाचे एक तयारी वर्ष, विद्यावेतनासह. नोकरीतल्या एएनएम भगिनींना पुढच्या शिक्षणासाठी पगारी रजा. जळगावला २०१८ साली आणि नंदुरबारला २०२० साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहू शकते, तर एवढे का नाही?

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईला इंग्रजी पुस्तकाची धास्ती काय असते हे चांगले ठाऊक आहे. ती बुद्धीची उणीव नसते, सवयीची असते, आणि सवय लावता येते. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य घालवून एवढे तरी मी छातीठोकपणे सांगू शकते.

तेव्हा मंडळी, पुढच्या सत्कारात कोणी ते वाक्य म्हणाले, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारा: "साहेब, एएनएमनंतर काय?"