हसऱ्या फोटोंच्या मागे

थंडी पडली की आमच्या राहात्यात पेरूच्या पाट्या रस्त्याकडेला येऊन बसतात आणि मोहल्ल्यातल्या मोबाईलवर परदेशचे फोटो येऊ लागतात. आखाती देशांत उन्हाळा जीवघेणा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच तीन महिने तिथे मोकळ्या हवेत बसण्याचे. त्यामुळे वर्षभराचे फिरणे आणि वर्षभराचे फोटो याच दिवसांत होतात.

सहावीच्या वर्गाला आम्ही एक काम दिले होते. घरातला एक फोटो आणायचा आणि त्यावर दहा ओळी लिहायच्या. एका मुलीने एकाऐवजी चार फोटो आणले. तिचे अब्बू सौदी अरबमध्ये तबूकला गाडी चालवतात. पहिल्या फोटोत ते वाळवंटात शेकोटीपाशी बसले होते, दुसऱ्यात मदिन्यात, तिसऱ्यात मित्रांसोबत खबूस-कबाब खाताना. चौथ्या फोटोत ते चक्क बर्फात उभे होते. तबूकजवळच्या जबल अल-लौज या डोंगरावर काही हिवाळ्यांत बर्फ पडते, हे अनेकांना खरे वाटत नाही. पण ते खरे आहे.

मुलीने लिहिले होते : ‘माझे अब्बू खूप फिरतात. ते नेहमी हसतात. त्यांना तिथे काही काम नसते. तरी ते ईदला घरी येत नाहीत.’

वही हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तिच्या अम्मीला बोलावले. त्या ओळी वाचून ती आधी हसली, मग ओढणीचा पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, “दोन महिने झाले, फोन आला की ही दुसऱ्या खोलीत जाते. आम्हाला वाटलं, मोठी होतेय, लाजत असेल. यांना मीच सांगितलंय, चांगलेच फोटो पाठवा. सासूबाई काळजीने जेवत नाहीत.”

म्हणजे खोटे कुणीच बोलले नव्हते. बापाने आईच्या काळजीपोटी हसरा चेहरा पाठवला, बायकोने घराच्या काळजीपोटी तोच मागितला आणि लेकीने जे दिसले तेच लिहिले. सुटीचा एक दिवस कॅमेऱ्यात येतो. बाकीचे सहा दिवस कुणाला दिसत नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही वर्गाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे फोटो दाखवले. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मराठी डॉक्टर. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. सप्टेंबर १९३८ मध्ये अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस मुंबईहून बोटीने निघाले. कँटन, हँकौ, चुंगकिंग असा प्रवास करत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर राहिले. तिथला हिवाळा शून्याच्या खाली जातो. सोलापूरच्या उन्हात वाढलेला हा तरुण फोटोत लष्करी गणवेशात दिसतो. नंतरच्या एका फोटोत पत्नी गुओ छिंगलान आहे, कुशीत बाळ आहे. बाळाचे नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

मग आम्ही मुलांना विचारले, “या फोटोंत काय दिसत नाही?”

मुले गप्प. तेव्हा आम्ही सांगितले. परदेशात असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी मिळाली, तरी ते जखमींना सोडून परतले नाहीत. त्यांना अपस्माराचे झटके येत. त्याच आजाराने ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बाळ तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते. पाच जण गेले होते, चारच परत आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच ‘आणि एक परतला नाही’ असा आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर चित्रपट काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली.

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. म्हणाली, “माझ्या अब्बूंचंपण असं काही दिसत नसेल का?”

आम्ही म्हटले, “आम्हाला कसं ठाऊक? तू त्यांनाच विचार.”

तिने विचारले. तिच्या अम्मीने सांगितले की पलीकडे बराच वेळ कुणी बोललेच नाही. दोन दिवसांनी तीन फोटो आले. एकावर एक असे चार पलंग असलेली खोली. पहाटे पाचला धुक्याने पांढरी झालेली गाडीची काच. भेगा पडलेला हात, स्टिअरिंगवर.

वाचक भगिनी-बंधूंनो, ज्यांचे माणूस परदेशी आहे त्यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. सहलीचे फोटो जरूर मागवा, त्यांनाही चार आनंदाचे दिवस हवेत. पण खोलीचा, कामाचा, चुलीवरच्या भांड्याचाही एखादा मागवा आणि तो मुलांना दाखवा. लहान मुले कष्ट बघून घाबरत नाहीत. कष्ट लपवले की मात्र ती भलताच अर्थ लावतात. आणि तिकडे असलेल्या भावांनो, हसरा चेहरा हा घरावरचा तुमचा उपकारच आहे, पण दमलेला चेहराही घराचाच आहे.

मुलीने वहीतली तिसरी ओळ खोडली आणि शेवटी एक नवी लिहिली : ‘अब्बूंच्या पलंगावर एकच पातळ चादर आहे आणि तिकडे बर्फ पडते.’

पुढच्या महिन्यात गावातले एक जोडपे उमऱ्याला निघाले आहे आणि अब्बू मदिन्यात त्यांना भेटणार आहेत. दादीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे. वजन किती भरेल याचीच आता घरात चर्चा आहे.