मुलं विसरतात म्हणे!

"मुलं हो, लहान असतात, विसरतात." परवा घरच्या कार्यात ९२-९३ च्या दंगलींचा विषय निघाला आणि आमच्या भाऊजींनी हे वाक्य टाकलं. पंगत चालू होती म्हणून मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

तेव्हा मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत सहावीची वर्गशिक्षिका होते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच डिसेंबरात, मग जानेवारीत पुन्हा, मुंबई पेटली. शाळा सुरू झाली तेव्हा बाकांवर जागा रिकाम्या. कुणी मुंब्र्याला गेलं, कुणी गावी. पालक दाखले न्यायला आले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'स्थलांतर'. केवढा सोयीचा शब्द!

आणि जी मुलं राहिली त्यांचं काय? गणितात हुशार असलेला एक मुलगा खिडकीजवळची जागा सोडून भिंतीकडे बसायला लागला. एकदा कुणाचा तरी स्टीलचा डबा खाली पडला, तर हा थेट बाकाखाली! वर्ग हसला. मी म्हणाले, "नाटकं पुरे." त्याची आई नंतर हळू आवाजात सांगून गेली, अकरा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतोय. त्याने काय पाहिलं, हे मी तरीही विचारलं नाही. पोर्शन मागे पडला होता ना! १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर हजेरीला तो नुसता हात वर करायचा.

श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, धर्मवार आकड्यांसह. बाकाखाली शिरलेल्या मुलाची नोंद कुणी करायची? मीच ना? आम्हाला पाठाचं टाचण काढायला शिकवलं होतं, भेदरलेल्या मुलाजवळ बसायला नाही. शाळेने काय केलं, तर एकात्मतेवर चित्रकला स्पर्धा ठेवली. भिंतभर पांढरी कबुतरं! बक्षीसही मीच वाटलं.

"विषय काढला की जखम उकरली जाते" असं म्हणणारे आजही भेटतात. अहो, अर्धा तास पुस्तक मिटून बसा. ज्याला सांगायचंय तो सांगेल, नाही त्याला सोडून द्या. धर्म-पक्षाची बाजू तेवढी घेऊ नका. याला कुठल्या जी.आर.ची वाट बघायची?

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. विसरला असला तर आनंदच आहे. भाऊजी, रविवारी येताय ना? उरलेलं चहा घेताना बोलू.