वरच्या खोलीची किल्ली

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून एका मुलीचा फोन आला. पीएच.डी.च्या नोंदणीला सहावं वर्ष चालू, तासिका तत्त्वावर नोकरी, पदरात सात महिन्यांचं बाळ. "मॅडम, मुदत संपत आलीय. सोडून देऊ का?"

यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत संशोधक स्त्रीला मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "हे मला कुणीच सांगितलं नाही हो."

तिला गाइड आहेत, चांगले आहेत. पण गाइड प्रकरणं तपासतात. रजेचा अर्ज कधी द्यायचा, तासिकांचं अनुभवपत्र दर वर्षी हातात का घ्यायचं, संशोधन समितीने प्रगती अहवाल परत पाठवला तर पुढे काय, हे पुरुषांना कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर कळतं. बाई शेवटचा तास संपला की एसटी गाठते. स्वयंपाक तिची वाट बघत असतो.

माझ्या वेळी मला सांगलीत रसायनशास्त्राच्या एक बाई भेटल्या. माझा विषय मराठी, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी आपल्या घराच्या वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रविवारी इथे बसून लिही. मुलाला मी बघते." प्रबंधाची शेवटची तीन प्रकरणं त्या खोलीत झाली.

3 जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. नायगावची, आपल्या सातारा जिल्ह्यातली ही मुलगी. पण त्यांनाही आधी कुणीतरी शिकवलं होतं, हे भाषणात येत नाही. घरी जोतीराव होते. अहमदनगरला फरारबाई आणि पुण्यात मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. आणि फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शिकलेल्या बाईने पुढचीला हात दिला, की इतक्या लवकर फळ येतं.

सांगलीत राहून तारा भवाळकरांनी लोकसंस्कृतीचा अभ्यास केला आणि 2025 मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. अभ्यासासाठी पुण्यामुंबईला जावंच लागतं असं नाही, हे इथल्या मुलींना त्यांच्याकडे बघून पटतं.

माझं कॉलेजांना कळकळीचं मागणं आहे. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक मुलीला दुसऱ्या विभागातली एक ज्येष्ठ बाई नेमून द्या. दुसऱ्याच विभागातली, म्हणजे मुलीला धाक न वाटता विचारता येईल. महिन्यातून एक तास दोघींच्या वेळापत्रकात लिहा, कॉलेजच्या वेळेत. त्याला पैसा लागत नाही.

ती मुलगी या रविवारी एसटीने येतेय, बाळाला घेऊन. मुदतवाढीचा अर्ज आम्ही दोघी बसून लिहू. बाळासाठी माजघरात जुनी साडी बांधून झोळी केली आहे.